तू मला ऐकवलेल्या खऱ्या-खोट्या चाली

अनंता,

तू गेलास यावर माझा अजून विश्वास बसत नाही, आणि त्याला कारण तूच आहेस. लोक असं दुःखाने म्हणतात. मी संशयाने म्हणतोय. महेशचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नक्की?" तुझा मृदंगवाला तो, बिचारा हुंदके देत होता आणि मी त्याला विचारत होतो, तुला कोणी सांगितलं, तू स्वतः पाहिलंस का. विमा कंपनीत आयुष्यभर लोकांचे क्लेम तपासले की माणूस असाच होतो. नाहूरला तुझ्या घरी आलो, तुला हॉलमध्ये झोपवलेलं पाहिलं, नाकात कापूस पाहिला, तरी मी तुझ्या डाव्या पापणीवर नजर ठेवून होतो. समोरच्याला चकवलंस की ती पापणी जराशी हलायची, हे मला माहीत होतं. ती हलली नाही. मग मात्र मी तिथेच चपलांच्या ढिगाशेजारी बसलो रे.

तुझ्याकडे मी पहिल्यांदा आलो तो तक्रार घेऊन. तुमच्या भजनी मंडळाची तालीम सोसायटीच्या तळमजल्यावरच्या खोलीत चालायची आणि ती खोली बरोब्बर आमच्या बेडरूमसमोर. झांजा सुरू झाल्या की आमच्या कपाटाची काच थरथरायची. मी चांगला तावातावाने आत शिरलो. तू पेटीवर होतास. हात न थांबवता, गाता गाता मानेनेच मला बसायची खूण केलीस, जसा काही मी उशिरा आलेला टाळकरीच. मी बसलो. का बसलो ते अजून कळलेलं नाही. खिशात पेन होतं, हातात पेपर होता, आणि पेपरच्या कोऱ्या कडेला मी महेशचे हात काढायला लागलो. कॉलेजनंतर एवढ्या वर्षांनी पहिल्यांदाच मी काहीतरी काढत होतो. गाणं संपल्यावर तू उठून आलास, चित्र पाहिलंस आणि म्हणालास, "झकास. पण तुम्ही भांडायला आला होता ना?"

हे तुझं झकास. मला त्याचा पहिल्यापासून संशय होता. घाटकोपरला टाइल्सच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना तू हाच शब्द ऐकवायचास. कुणी बाथरूमसाठी भडक हिरवी टाइल उचलली तरी झकास. मग माझ्या चित्राला म्हटलेल्या झकासची किंमत मी काय धरायची? मी तुला एकदा सरळ विचारलंसुद्धा. तू म्हणालास, "टाइल विकायची असते रे. तुझं चित्र मला विकायचंय का?" उत्तर बरोबर होतं, पण अशी बरोबर उत्तरं पटकन देणारी माणसं मी ऑफिसात खूप पाहिलीत.

माझा ब्लॉग तुझ्यामुळे उभा राहिला, हे मात्र मी कुठल्याही कागदावर सही करून द्यायला तयार आहे. 'ऐकलेलं, काढलेलं' हे नाव मी आधीच देऊन ठेवलं होतं, पण त्यात होतं काय? कुठल्याशा चित्रप्रदर्शनावर दोन परिच्छेद, जुन्या रेकॉर्डवर चार ओळी आणि खाली माझ्या बहिणीची 'छान' अशी एकुलती एक प्रतिक्रिया. तुमच्या तालमीला येऊन बसायला लागलो आणि हात सुटला. चाल वर चढली की माझी रेघ वर जायची, तुमचा कोरस अंगावर आला की कागद काळा व्हायचा. घरी जाऊन चित्राचा फोटो काढायचा आणि त्याखाली लिहायचं. तुझ्या भजनाच्या बारीला येणारे लोक ते वाचायला लागले. भांडुप, बोरिवली, पार कुडाळहूनसुद्धा प्रतिक्रिया यायच्या. मी जड जड लिहायचो, प्रेरणा म्हणजे काय, सूर रेषेत कसा उतरतो वगैरे. तू ते महेशला मोठ्याने वाचून दाखवायचास आणि मध्येच थांबून म्हणायचास, "हे आपल्याबद्दलच आहे ना रे?"

आपलं खरं भांडण तिथेच होतं, आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचो, सुचणं ही आतून येणारी गोष्ट. तू म्हणायचास, "आतून काही येत नाय. उचलायचं, पुसायचं, आपलं करायचं." शेजारच्या गाडीच्या रिव्हर्सच्या आवाजावरून तू गौळण बांधलीस. लिफ्टमधली ती बाई 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणते ना, तिच्या हेलावर तुझा एक अख्खा गजर उभा होता आणि लोक त्यावर डोळे मिटून डोलत होते. मला ते ठाऊक असल्यामुळे माझे डोळे मिटायचे नाहीत. मी तुला चोर म्हणायचो. तू म्हणायचास, "आणि तू काय करतोस? आमचा घसा, आमचे हात, आणि खाली नाव तुझं." मी दोन दिवस बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी तूच रिक्षा थांबवून मला आत ओढलंस, जसं काही झालंच नाही.

तालीम आठ वाजता संपते अशी माझी समजूत होती. आठ वाजले की तू पेटीचा भाता बंद करायचास, "चला नंदू, जेवण थांबलं असेल" म्हणायचास आणि मी उठायचो. मागे वळून पाहिलं की महेश खिडक्या लावत असायचा. एकदा विचारलं तर म्हणालास, डास येतात. मी क्लेमवाला माणूस, धुराची शंका आली तर अख्ख्या गोदामाची राख चाळणारा. पण डासांवर विश्वास ठेवला.

मग बोरिवलीच्या त्या हॉलमधली बारी आली. समोर सदू बुवा. तुझा जुना दुश्मन आणि माझ्या मते तुझा सगळ्यात जवळचा माणूस, कारण तू जेवतानासुद्धा त्याच्याबद्दलच बोलायचास. डबलबारी म्हणजे अखेर दोन बुवांची समोरासमोरची जुंपणी. एकाने गायचं, टोमणा मारायचा, दुसऱ्याने तो परतवायचा. दुसऱ्याच्या गजराची चाल आधी कळली तर तिच्यावरच त्याची खिल्ली उडवणारे शब्द बसवून नेता येतात, आणि मग तो आपली स्वतःची चाल गायला उभा राहिला की लोक आधीच हसायला लागतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्याआधीच्या आठवड्यात मी तुझ्या नव्या चालीवर लिहिलं, चित्र टाकलं आणि खाली फोनवर घेतलेला छोटासा तुकडा जोडला. तुकडा जोड असं तूच म्हणाला होतास. "टाक रे. लोकांना कळू दे तू कशावरून काढतोस ते. लय भारी लिहिलंयस."

सदू बुवाने सुरुवात केली आणि मला घाम फुटला. तीच चाल. माझ्या ब्लॉगवरची. तिच्यावर त्याने शब्द बसवले होते, "फरशी विकून विकून बुवा, सूरसुद्धा घसरला." त्याची माणसं हॉल डोक्यावर घेत होती. माझी तुझ्याकडे बघायची हिंमत होईना. वाटलं, संपलं, माझ्यामुळे तुझी वाट लागली. आणि तू उठलास, शांतपणे पेटी पुढे ओढलीस आणि भलतीच चाल काढलीस. मी कधीच न ऐकलेली. मंडळातला प्रत्येक जण ती पाठ असल्यासारखी गात होता. सदू बुवाच्या टोमण्याला काही आधारच उरला नाही. ज्या चालीची टिंगल करायला तो आला होता, ती तू गायलीच नाहीस. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. तुझी डावी पापणी हलली, ती माझ्याकडे बघून.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. आठ वाजता संपणारी तालीम आठ वाजता सुरू व्हायची, हे मला तेव्हा कळलं. खिडक्या उघड्या ठेवून गायची ती खोटी चाल, समोरच्या पानटपरीवर उभ्या असणाऱ्या सदू बुवाच्या माणसासाठी. आणि जी पानटपरीपर्यंत पोचायची नाही ती पोचवायला माझा ब्लॉग. एवढी वर्षं मी तिथे मित्र म्हणून बसलो होतो की एक जादा खिडकी म्हणून, हे मला त्या दिवसापासून कळेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर मी तुला धरलं. तू आधी म्हणालास योगायोग. मग म्हणालास, "अरे, सगळेच बुवा करतात." मग कप खाली ठेवून म्हणालास, "तुला आधी सांगितलं असतं तर तू तसं लिहिलं असतंस?" मी म्हटलं, माझी इतकी चित्रं खोट्या चालींवरची आहेत, त्यांचं आता काय करू? माझा आवाज चढला होता, चहावाला बघत होता. तू अगदी खरोखर गोंधळल्यासारखा दिसलास. म्हणालास, "चाल खोटी असेल, पण गात तर आम्ही खरंच होतो ना? तुझ्यासमोर कधी हातचं राखून गायलोय का?" मी तसाच निघालो. त्यावरचं माझं उत्तर अजून तयार नाही. ते ऐकायला तू थांबायला हवं होतंस, एवढंही जमलं नाही तुला.

मी लिहायचं बंद केलं. चित्रंही. पावसाळा गेला, गणपती गेले. मग एका रविवारी तू मुलुंडला आमच्या घरी, आम्ही नुकतेच तिथे राहायला गेलो होतो, घरून सुमनवहिनींनी केलेल्या तांदळाच्या घावण्यांचा डबा घेऊन दारात उभा. आत येऊन बसलास, भिंतींकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "नंदू, लिही ना यार. तू कोपऱ्यात बसून रेघा मारतोस तेव्हा माझा हात पेटीवर वेगळा पडतो. कोणीतरी बघतंय असं वाटतं. आता नुसत्या चाली उचलतोय, आपल्या होत नायत." मी विचारलं, तुला चित्रकार पाहिजे की सदूला गंडवायला माणूस? तू हसलास. हो म्हणालास की नाही म्हणालास, मला खरंच आठवत नाही. घावणे मात्र आपण दोघांनी मिळून संपवले आणि त्या आठवड्यात मी परत तालमीला आलो.

त्यानंतर तू मला आठनंतरही बसवून घेऊ लागलास. खिडक्या लागायच्या, आवाज उतरायचा आणि तू म्हणायचास, "आता खरी." मी ऐकायचो, काढायचो, आणि मनात यायचं, ही खरी कशावरून? नऊ वाजता मी गेल्यावर हे अजून एखादी काढत नसतील कशावरून? एकदा मी गेटपर्यंत जाऊन परत दाराबाहेर येऊन उभा राहिलो. आतून फक्त झांजा पिशवीत भरल्याचा आवाज आला. तरी पूर्ण खात्री पटली नाही. तुझं हे देणं आहे मला, अनंता. गोड गाणं ऐकताना सुखाने ऐकायची माझी सवय तू घालवलीस. पण खरं सांगू? इतका कान लावून मी त्याआधी कधी काही ऐकलं नव्हतं. माझी सगळ्यात चांगली चित्रं या संशयातून निघालीत. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला शिव्या द्यायच्या, हे मी रोज वेगळं ठरवतो.

हॉस्पिटलमध्ये तू अर्धा झाला होतास. कावीळ डोळ्यांत उतरलेली. भेटायच्या वेळेत मी आलो तर मला वाटलं तू झोपलायस, पण बोटं पलंगाच्या दांडीवर चालली होती. जवळ बोलावलंस आणि गुणगुणलास. आवाज कसला, नुसता श्वासच होता. पण चाल स्पष्ट होती, वरून सुरू होऊन सावकाश खाली येणारी, आणि शेवटाला एक हेल, जो मी तुझ्याकडून कधी ऐकला नव्हता. तो कुठून उचललास हे विचारायचं राहिलं. दोनदा म्हटलीस. मला म्हणायला लावलीस. चुकलो तिथे दांडीवर बोट आपटलंस. मग म्हणालास, "ही लिहू नकोस हां."

झालं. परत मला कोड्यात टाकलंस. लिहू नकोस म्हणजे खरी आहे म्हणून? की लिहू नकोस म्हटलं की हा हमखास लिहिणार, हे ओळखून? पुढच्या महिन्यात सदू बुवाबरोबर तुझी बारी ठरली होती. मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. पण तुझ्या कपाळावर घाम होता, नर्स सलाईन बदलायला आली होती, आणि मी म्हटलं उद्या विचारू. उद्या मला ऑफिसातून निघायला उशीर झाला. परवा महेशचा फोन आला.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी बसलो होतो. दारात सदू बुवा. एकटाच आला होता, पांढऱ्या शर्टात, हातात हार. तुझ्या फोटोसमोर उभा राहिला आणि मोठा माणूस रडू नये तसा रडला. म्हणाला, "वहिनी, माझी अर्धी गाणी हेच्यामुळे झाली. आता मी कोणाला टाकून बोलू?" मी त्याचा चेहरा तपासत होतो. खोटं रडणाऱ्यांचा माझा अभ्यास आहे, अनंता, आणि हा माणूस खोटं रडत नव्हता. माझेही डोळे भरून आले. सुमनवहिनींनी चहा आणला. बारी रद्द होणार नाही, मृदंग सोडून महेश पेटीवर बसणार, हे त्याला कळलं होतं. आनंद झाला म्हणाला. मग कप हातात फिरवत त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शेवटपर्यंत होता. बुवा काहीतरी नवीन बांधत होते म्हणे. एकदा ऐकवता? नुसती ऐकायचीय हो. त्यांची शेवटची म्हणून."

त्याचे गाल अजून ओले होते. आणि मी गायलो. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे. फोटोकडे बघत, रडत रडत मी त्याला एक चाल म्हणून दाखवली, खालून सुरू होऊन वर जाणारी. तिथल्या तिथे बनवली. एक तुकडा तुझ्या जुन्या गौळणीचा, एक कुठल्याशा फोनच्या रिंगचा. उचललं, पुसलं, आपलं केलं. सदू बुवाने डोळे मिटून ऐकली, मान डोलावली, पुन्हा एकदा म्हणायला लावली. जाताना मला मिठी मारली. मीही मारली, आणि घट्ट मारली. त्या क्षणी त्या माणसाबद्दल मला इतकं वाटत होतं की काय सांगू. खरी आहे की खोटी हेच मला माहीत नाही अशी चाल वाचवायला मी एका रडणाऱ्या माणसाला गंडवलं होतं, आणि तरी माझं रडणं खोटं नव्हतं, मिठी खोटी नव्हती. तू चहाच्या गाडीवर मला काय सांगत होतास, ते मला तुझ्या हॉलमध्ये उभं राहून कळलं. फार उशिरा कळलं रे.

हे सगळं बारी होईपर्यंत ब्लॉगवर टाकता येणार नाही. तेवढं कळतं मला आता.

सदू बुवा लिफ्टमध्ये शिरल्यावर सुमनवहिनींनी दार लावलं आणि दाराला पाठ लावून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "भावजी, ती न्हय मां?"

मी म्हटलं, "नाही."

"माका वाटलाच. रडतानासुद्धा तुमची नजर तेच्या तोंडार होती." मग त्या तुझ्या फोटोखाली भिंतीला टेकून बसल्या. "माका काय ऐकवल्यानी नाय. घरात कायम दुसराच कायतरी गुणगुणायचे. खरी म्हणून दाखवा."

मी खाली बसलो. वरून सुरू केली, सावकाश उतरलो, तुझं बोट जिथे आपटलं होतं तिथे जपून गेलो, आणि शेवटचा तो हेल मला जमेल तसा घेतला. मी थांबल्यावर वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हीच."

त्यांनी ती कधी ऐकली नव्हती. मग हीच कशावरून, हा प्रश्न अगदी माझ्या ओठांवर आला होता, अनंता. मी तो विचारला नाही.